वहीची मागची पानं

आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमात सगळ्यांत दुर्दैवी माणूस कोण, तर आभारप्रदर्शन करणारा. प्रमुख पाहुण्यांचं भाषण संपतं, टाळ्या होतात, आणि हा बिचारा हातातला कागद सरळ करत माइकपाशी येतो तोवर मागच्या चार रांगा उठलेल्या असतात. कुणी चपला शोधत असतं, कुणाची नजर बटाटेवड्याच्या टेबलाकडे लागलेली असते. तो मात्र वाचत राहतो. मांडववाले, माइकवाले, हारतुरेवाले आणि शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्व हितचिंतक'. मी बँकेत होतो तेव्हा शाखेच्या वर्धापनदिनाला हे काम सलग अकरा वर्षं माझ्या गळ्यात होतं, म्हणून अनुभवानं सांगतो. एका वर्षी मी त्या यादीत अस्तित्वातच नसलेल्या एका गृहस्थांचे 'विशेष आभार' मानले. कुणाच्याही लक्षात आलं नाही. मॅनेजरसाहेबांनी तर त्या नावाला टाळ्याही वाजवल्या.

बरीच वर्षं हा किस्सा मी हसत हसत सांगत असे. त्या अकरा वर्षांत ज्या शिपाईमामांनी रोज सकाळी माझ्या टेबलावरची धूळ पुसली, त्यांचं नाव मात्र त्या यादीत एकदाही नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला मी निवृत्त व्हावं लागलं.

जाहीर आभारांची ही कथा. घरातले आभार हा आणखी अवघड विषय. आपल्या घरांत 'धन्यवाद' हा शब्द जवळजवळ वापरातच नाही. पाहुण्यांना, डॉक्टरांना, फार तर गॅसच्या टाकीवाल्याला. आईला किंवा बायकोला धन्यवाद म्हणणं म्हणजे तिला परकं करणं, असा आपला पक्का समज. निवृत्तीनंतर कुठलंसं सुधारणावादी पुस्तक वाचून मी एका संध्याकाळी सौभाग्यवतींना जेवता जेवता म्हणालो, "थँक्यू हं, आजच्या जेवणाबद्दल." तिनं आमटीची वाटी खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "काय हवंय?" पाच मिनिटांनी पुन्हा, "डॉक्टरांकडे गेला होतात का? काही सांगितलं का त्यांनी?"

यात आपणच काही जगावेगळे नाही, असं अलीकडे वाचनात आलं. सिमियन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पाच खंडांतल्या आठ भाषांमधली अगदी साधी, रोजची संभाषणं त्यांनी तपासली. 'जरा मीठ दे', 'ते दार लाव' अशा विनंत्या. समोरचा माणूस काम करून टाकतो, आणि आभाराचा शब्द उच्चारला जातो तो सुमारे वीस वेळांत एकदा. इंग्रजी आणि इटालियन बोलणारे जास्त वेळा आभार मानतात, पण तेही नेहमी नाही. इक्वेडोरमधल्या च्या'पाला या भाषेत तर 'आभारी आहे' म्हणण्याची रूढ पद्धतच नाही. त्या अभ्यासात मराठी नव्हती, पण असती तर आपला क्रमांक कुठे लागला असता याचा अंदाज मला आहे. याचा अर्थ ती माणसं कृतघ्न आहेत असा नव्हे. आपल्या माणसानं आपलं काम करावं हे तिथे गृहीत असतं, आणि आपणही त्याचं करू हेही तितकंच गृहीत असतं.

गृहीत धरण्यात गैर काही नाही. संसार चालतो तो त्याच्यावरच. पण गृहीत धरलेली गोष्ट हळूहळू दिसेनाशी होते, ही त्यातली खरी अडचण. भिंतीवरचं घड्याळ चालू असेपर्यंत त्याची टिकटिक ऐकू येत नाही, तसं. आपल्या आजोबा-पणजोबांनी धन्यवाद हा शब्द वापरला नसेल, पण त्यांच्याकडे दुसरी वाक्यं होती. "वांग्याला आज चव आलीय." "अजून अर्धी भाकरी वाढ." "तू जेवलीस का?" ही शेवटची तीन अक्षरं-शब्दांची चौकशी मला कुठल्याही थँक्यूपेक्षा मोठी वाटते, कारण ती विचारण्यासाठी समोरच्या माणसाकडे पाहावं लागतं. जेवून उठताना पानात काही न टाकणं हेही एक बोलणंच होतं. आता आपण ती वाक्यं सोडली आणि नवा शब्दही घेतला नाही. मधल्यामध्ये टीव्हीकडे पाहत जेवायला लागलो.

'आभार' या शब्दात मला नेहमी 'भार' ऐकू येतो. व्युत्पत्ती काय असेल ती असो. 'कृतज्ञ' हा शब्द मात्र स्वच्छ आहे. कृत म्हणजे केलेलं, आणि ते जाणणारा तो कृतज्ञ. शब्दात कुठेही वाकणं नाही, हात जोडणं नाही, परतफेडही नाही. आपल्यासाठी काय केलं गेलं ते ठाऊक असणं, एवढंच. आणि कृतघ्न म्हणजे ते केलेलं मारून टाकणारा. विसरणं हा केवढा मोठा अपराध आपल्या भाषेनं मानला आहे पाहा!

हे सगळं सुचण्याचं कारण एक वही.

आमची आई २०२२ साली गेली, ब्याऐंशी वर्षांची होऊन. आम्ही मूळचे सोलापूरचे. वडील गिरणीत, आणि बिऱ्हाड एका चाळवजा वाड्यात, ओळीनं सात खोल्या आणि टोकाला एक नळ. आई गेल्यावर तिची लोखंडी ट्रंक उघडली. लुगडी, वडिलांचा गिरणीतला बिल्ला, आमच्या प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा, आणि तळाशी आहेराची वही. ही वही बहुतेक मराठी घरांत असते. लग्नामुंजीत कुणी काय आहेर केला त्याची नोंद, म्हणजे उद्या त्यांच्याकडे कार्य निघालं की त्या मानानं परत करता येतं. पाच रुपये, स्टीलचा डबा, ब्लाउजपीस, पुन्हा पाच रुपये. कुणाकुणाच्या नावापुढे 'फेडले' अशी खूण. व्यवहार चोख.

पण वही उलटी करून मागच्या बाजूनं उघडली, तर तिथून दुसराच मजकूर सुरू होत होता. आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. अक्षर मोठं, टपोरं. वर लिहिलं होतं, 'न फिटणारं'. खाली नोंदी. मी मोजल्या, त्रेचाळीस भरल्या. नावं फार थोडी. बहुतेक माणसं कामानं किंवा जागेनं ओळखलेली. 'सिव्हिलमधली नर्स. मधल्याच्या वेळी रात्रभर येऊन बघून गेली.' 'मुकादम. ह्यांचा हात अडकला तेव्हा टांग्याचे पैसे दिले. विचारलं तर हसले.' 'रेशनच्या रांगेतली बाई. माझी पिशवी धरून जागा राखली. नाव माहीत नाही.' एक नोंद अशी होती, 'पोस्टमन. तार आणली. आधी मला बसायला सांगितलं, पाणी प्यायला सांगितलं, मग वाचून दाखवली.' ती तार आजोबा गेल्याची होती. त्या पोस्टमननं केलं काय, तर तिला खाली बसायला सांगितलं. साठ वर्षं तिनं ते सांभाळलं.

त्या वहीत तक्रार एकही नव्हती. आणि तक्रारींना आमच्या घरात तोटा होता असं समजू नका. आई काही संत नव्हती. भांडायची कडकडून, विशेषतः नळावर. आत्याचा एक टोमणा तिनं चाळीस वर्षं लक्षात ठेवला होता आणि दर दिवाळीला आम्हाला ऐकवला होता. पण लिहून ठेवायला तिनं निवडलं ते हे.

अमेरिकेतले दोन मानसशास्त्रज्ञ, रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ, यांनी २००३ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला तो वाचताना मला ती वही आठवत राहिली. त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले आणि दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, काही ओळी लिहायला सांगितल्या. एका गटानं ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यानं कटकटी, तिसऱ्यानं नुसत्या घडामोडी. दहा आठवड्यांनी पहिल्या गटातली मुलं एकंदर आयुष्याबद्दल अधिक समाधानी होती, येत्या आठवड्याबद्दल त्यांना अधिक आशा वाटत होती, दुखण्याखुपण्याच्या तक्रारी कमी होत्या, आणि व्यायामही ती जास्त करत होती. याच मालिकेत स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजाराच्या रुग्णांकडून तीन आठवडे रोज असं लिहून घेतलं, तर त्यांची झोप सुधारली. त्यांच्या जोडीदारांनाही फरक जाणवला, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं, कारण स्वतःबद्दल माणूस काहीही सांगेल. बायको सांगते ते खरं!

असं का व्हावं? मन हे मुळात तक्रारखोर यंत्र आहे. पायात काटा रुतला तर ते लगेच खबर देतं, पण दुसरा पाय धड आहे याची खबर देत नाही. त्याचं बरोबरच आहे. रानात राहणाऱ्या माणसाला काट्याची खबर जास्त गरजेची होती. शिवाय कुठल्याही सुखाची आपल्याला सवय होते. नवीन पंखा पहिल्या उन्हाळ्यात देवदूत वाटतो, दुसऱ्या उन्हाळ्यात त्याची घरघर ऐकू येते. लिहायला बसलं की नजर जबरदस्तीनं दुसऱ्या पायाकडे वळते.

मात्र याचंही यंत्र करू नये. सोन्या ल्युबोमिर्स्की या अभ्यासिकेच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही. रोज रोज तेच लिहिलं की त्याचीही आरती होते, तोंडानं म्हणायची आणि डोक्यात दुसरं काही चालू. आणि नंतरच्या अनेक अभ्यासांतून दिसलेला परिणाम बेताचाच आहे, हेही सांगितलं पाहिजे. ज्याला खरोखरीचं नैराश्य आलं आहे त्याला वही देऊ नका, डॉक्टरांकडे न्या. 'तुझ्याकडे सगळं तर आहे, मग रडतोस का?' हे वाक्य तर कधीच बोलू नका. ते आभाराच्या वेषातलं थोबाडीत मारणं आहे.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण कृतज्ञतेची एक बाजू अशी आहे की जिच्याबद्दल रविवारच्या पुरवण्या फारसं लिहीत नाहीत.

आपल्या परंपरेत कृतज्ञता भरपूर आहे, याचा आपल्याला अभिमान असतो, आणि तो रास्त आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना तूप-हळद चोळतात, आणि बैलाच्या कानाशी सांगतात, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' जनावराला जेवणाचं रीतसर निमंत्रण! दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवायचं नाही, पुरणपोळीचा घास आधी त्याला. लातूर, धाराशिवकडे वेळा अमावस्येला सगळं घर शेतात जातं, काळ्या आईची पूजा होते, भज्जी, आंबील होते, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणालाही जेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. खंडेनवमीला कारागीर आपली हत्यारं पुसूनपासून पूजतो. दसऱ्याला एसटीचे ड्रायव्हर गाडीला झेंडूची माळ घालतात. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू मिळतं. केरसुणी ही लक्ष्मी, असं मानणारी संस्कृती लहान असूच शकत नाही.

पण ती केरसुणी ज्या हातांनी बांधली त्या हातांना याच संस्कृतीनं उंबऱ्याच्या बाहेर ठेवलं होतं. बैलाला आवतण, आणि ज्यांच्या कष्टांवर गाव चाललं त्या माणसांना वरून टाकलेली भाकरी. आणि वर अपेक्षा अशी की त्यांनी उपकार मानावेत. 'खाल्ल्या मिठाला जागणं' हा वाक्प्रचार कुणी कुणाला ऐकवला आहे ते आठवून पाहा. मालकानं गड्याला, सासरच्यांनी सुनेला. गड्याच्या मिठाला मालकानं जागावं, असं कुणी म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. वरच्यांनी खालच्यांकडून मागून घेतलेली कृतज्ञता ही वसुली असते. ती द्यायला नकार देणाऱ्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या कृतघ्न म्हणत आलो.

म्हणून मला वाटतं, कृतज्ञता पाण्यासारखी वरून खाली वाहिली पाहिजे. ज्याच्याकडे आहे त्यानं, ज्याच्यामुळे आहे त्याच्याकडे पाहिलं पाहिजे. आणि नुसतं पाहून भागत नाही, हे मी स्वतःच्या उदाहरणावरून सांगतो. २२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता मीही गॅलरीत उभा राहून थाळी वाजवली होती. चांगली पितळेची, आईची. मनापासून वाजवली. पुढच्या काही दिवसांत डॉक्टर आणि परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडायला लावल्याच्या बातम्या देशभरातून येऊ लागल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध एप्रिलमध्ये केंद्र सरकारला अध्यादेश काढावा लागला. तेवढं लांब कशाला, आमच्याच सोसायटीनं त्या दिवसांत ठराव केला की कचरा नेणाऱ्या मावशींनी लिफ्ट वापरायची नाही. चार मजले, दोन्ही हातांत बादल्या. ठरावाच्या वेळी मी हजर होतो. माझी थाळी वाजवून झाली होती, आणि मी काही बोललो नाही.

आईच्या वहीत मावशींची नोंद नक्की झाली असती. लिफ्टबद्दल ती भांडलीही असती.

पण सांगायचं होतं ते उशिराबद्दल. १६ नोव्हेंबर २०१३ला सचिन तेंडुलकर वानखेडेवर निरोपाचं बोलला, ते अनेकांना आठवत असेल. कुणाचं नाव राहू नये म्हणून त्यानं हातात यादी आणली होती. आभारप्रदर्शनाचा कागद हातात असलेला माणूस, आणि एकही प्रेक्षक जागचा हललेला नाही, असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. का हलले नाहीत? तो सचिन होता म्हणून, हे तर झालंच. पण त्या यादीत तपशील होते. पहिली बॅट बहिणीनं दिली. शाळा लांब पडायची म्हणून चार वर्षं काका-काकूंनी मुलासारखं ठेवून घेतलं, दमून आलेल्या पोराला काकू भरवायची. आचरेकर सरांनी कधी 'छान खेळलास' म्हटलं नाही, पोरगं हवेत जाऊ नये म्हणून. 'सर्व हितचिंतक' असा मोघम शब्द वापरला असता तर लोक चपला शोधायला लागले असते.

त्या यादीतलं पहिलं नाव वडिलांचं होतं, आणि ते ऐकायला वडील नव्हते. १९९९ सालीच गेले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४० साली प्रसिद्ध झालेला आपला 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ रमाबाईंच्या स्मृतीला अर्पण केला. हलाखीच्या, कुणी पाठीशी नसलेल्या दिवसांत तिनं आपल्याबरोबर सोसलं, याची त्यांनी त्या अर्पणपत्रिकेत नोंद केली आहे. रमाबाई २७ मे १९३५ला गेल्या होत्या. मोठ्या माणसांचंही असं राहून जातं. पितृपक्षात आपण आप्तांच्या बरोबरीनं गुरू आणि मित्रांच्या नावानंही पाणी सोडतो, ती रीत फार सुंदर आहे. पण जिवंतपणी एक पोस्टकार्ड टाकलं असतं, तर ते निदान वाचता आलं असतं.

मग आपण ते टाकत का नाही? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली नेमकं हेच तपासलं. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली, आणि पत्र मिळालेल्या माणसाला काय वाटेल याचा अंदाज आधी लिहून घेतला. मग पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं, समोरचा अवघडेल, त्यात त्याला नवीन काय वाटणार, आपल्याला नीट शब्द सापडणार नाहीत. प्रत्यक्षात पत्र मिळालेली माणसं त्यांच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावली होती, आणि शब्दांच्या सफाईकडे त्यांचं फारसं लक्षच नव्हतं.

हे वाचून झाल्यावर मी कपाटातून वही काढली. त्रेचाळीस नोंदींपैकी बहुतेक माणसं गेलेली, किंवा नावाशिवाय शोधणं अशक्य. एक मात्र शोधता येण्यासारखी होती. '१९७२, आश्विन. मला विषमज्वर. शेवटच्या खोलीतली अक्का. १९ दिवस पोरांना जेवू घातलं. तिच्या विड्या राहिल्या. पैसे दिले तर रागावली.'

अक्का तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली. नवरा मागावर, आणि ती घरात विड्या वळायची, सोलापुरात हजारो बायका वळतात तशी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओलसर कापडात गुंडाळलेली तेंदूची पानं, कातरी आणि दोरा. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं, आणि त्यातल्याही काही कारखान्यात 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जायच्या. ते वर्ष दुष्काळाचं. रेशनवर लाल मिलो यायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. आई सिव्हिलमध्ये, वडील पाळीवर, आणि आम्ही तीन भावंडं तिच्या खोलीत तिच्या दोन मुलांशेजारी रांगेत बसून चिंचेची आंबट डाळ आणि ती लाल भाकरी खायचो. मी नऊ वर्षांचा होतो. मला त्या डाळीचा तिखटपणा आठवतो, आणि रात्री कधी जाग आली तर कंदिलाजवळ बसून विड्या वळणारी तिची पाठ. दिवसा आमच्यामुळे राहिलेला आकडा ती रात्री भरून काढत होती, हे वही वाचेपर्यंत मला कळलेलं नव्हतं.

जुन्या वाड्यातल्या एकाकडून पत्ता मिळाला. ती आता लेकीकडे, विडी घरकुलात राहते. मी इंद्रायणीनं गेलो. बरोबर काय न्यावं यावर घरी बराच खल झाला. शेवटी एक साडी आणि चितळ्यांची बाकरवडी. ऐंशी वर्षांची, बारीक झालेली, कानाला कमी ऐकू येणारी. "नळाजवळच्या खोलीतला" म्हटल्यावर तिनं डोळे बारीक केले. "मोठा का मधला?"

"मोठा."

मी पाठ करून आलो होतो ते बोललो. एकोणीस दिवस, डाळ, रात्रीच्या विड्या. जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं, त्यामुळे शेजारच्या दोन बायकाही दारात येऊन ऐकू लागल्या. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिला काहीच आठवत नव्हतं. "असेल की. पोरं होती तुम्ही. जेवत असाल." विषयच संपला. मग तिनंच सुरू केलं. तिला आठवत होतं ते वेगळंच. कारखान्याच्या कारकुनानं तिचं नाव वहीवर घ्यायला टाळाटाळ चालवली होती. माल घ्यायचा, पण नोंद करायची नाही. तर माझ्या आईनं तिच्यासाठी मराठीत अर्ज लिहिला. एकदा नव्हे, चारदा. चौथ्यांदा स्वतः पदर खोचून तिच्याबरोबर गेली आणि तिथे उभी राहून भांडली. "नाव लागलं म्हणून पुढं फंड मिळाला," अक्का म्हणाली. "त्यात हिचं लग्न केलं." लेकीकडे बोट दाखवून.

मी आईची वही मनातल्या मनात चाळली. त्रेचाळीस नोंदींत हा अर्ज कुठेही नव्हता.

लेकीनं चहा आणला. अक्कानं बशीत ओतून दोन घोट घेतले आणि सहज विचारलं, "आई बरी हाय का?"

मी सांगितलं. तिनं बशी खाली ठेवली. "कधी?"

"तीन वर्षं झाली."

आईच्या दिवसांना आम्ही दोनशेच्या वर माणसं बोलावली होती. बँकेतले होते, सोसायटीतले होते, ज्यांनी आईला कधी पाहिलं नाही असेही होते. यादी मीच केली होती. यादी करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

"मला कुणी सांगितलं नाही," अक्का म्हणाली. रागावून नव्हे. नुसतं सांगितल्यासारखं. मग पदरानं डोळे पुसले, बराच वेळ पुसत राहिली. दारातल्या बायका निघून गेल्या. लेकीला ती तेलुगूत काहीतरी म्हणाली, आणि लेक आत जाऊन परातीत पीठ घेताना मला दिसली. माझी परतीची गाडी दुपारची होती. ती चुकणार हे दिसत होतं.